पांढऱ्या झिलईचं वेड

पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेत शिरलं की जोर्ज कुलासोच्या १९३५ सालच्या आझुलेजूंपाशी पाऊल थांबतंच. आपण निळी चित्रं बघतो. खालचा पांढरा रंग कोण बघतो? तो कथलाच्या झिलईचा.

त्याच पांढऱ्यापायी सोळाव्या शतकात फ्रान्समधल्या बेर्नार पालिसीने संसार उधळला. मूळचा हा काचेवर चित्रं काढणारा. एक सुंदर झिलईदार पेला पाहिला आणि मातीतलं काही कळत नसताना खापरांवर नाना भुकट्या लावून भाजत सुटला. वर्षानुवर्षं! एकदा झिलई वितळेना, लाकडं संपली. गड्याने घरातली मेजं आणि जमिनीच्या फळ्या भट्टीत घातल्या. गावभर बोभाटा झाला, हे त्यानेच १५८० च्या पुस्तकात लिहिलंय.

गंमत म्हणजे पांढरं साधलं, पण नाव झालं ते साप, सरडे, मासे उठवलेल्या रंगीत ताटांमुळे. तिथेही तीच रड: सापाचा रंग वितळेपर्यंत सरड्याचा हिरवा करपून जाई. सगळ्या झिलया एकाच आचेला आणायला पुन्हा काही वर्षं गेली.

झिलईतले जिन्नस त्याने पुस्तकात सांगितले. प्रमाण मात्र नाही सांगितलं.