ऋण सोडणे म्हणजे काय?



उपवासकाळातल्या एका रविवारी मिस्सानंतर आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात ‘ख्रिस्ती श्रद्धा आणि जगापुढील सामाजिक प्रश्न’ या विषयावर व्याख्यान झाले. युद्ध, भूक, हवामान यांवर काही ऐकायला मिळेल असे वाटले होते. पाहुण्या फादरांनी विषय घेतला कर्जाचा, आणि सुरुवात केली प्रभूच्या प्रार्थनेपासून.

मत्तयच्या शुभवर्तमानात या प्रार्थनेत ज्याची क्षमा मागितली आहे त्यासाठी जो ग्रीक शब्द आला आहे, त्याचा सरळ अर्थ ‘देणे’, ‘कर्ज’ असा आहे. मराठी बायबलातही तिथे ‘ऋण’ हाच शब्द आहे. मुलांना धर्मशिक्षण देताना ‘ऋण म्हणजे पाप’ एवढे सांगून मी वर्षानुवर्षे पुढे जात आले. त्या दिवशी मात्र तो शब्द मनात अडकून राहिला.

इस्राएल लोकांना देवाने दिलेल्या नियमशास्त्रात दर सातव्या वर्षी कर्ज सोडायला सांगितले आहे. लेवीयच्या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात पन्नासावे वर्ष योबेलचे मानले आहे. प्रायश्चित्ताच्या दिवशी शिंग फुंकायचे, गुलामीत गेलेल्याने घरी परतायचे, विकावी लागलेली जमीन मूळ कुटुंबाला परत मिळायची. नासरेथच्या सभास्थानात येशूने यशयाचा जो भाग वाचला, त्यातही परमेश्वराच्या कृपेच्या वर्षाची घोषणा आहे.

विसाव्या शतकात हे जुने शिंग पुन्हा वाजले. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले, तेलविक्रीचा पैसा मोठ्या बँकांत साचला आणि तो गरीब देशांना सढळ हाताने कर्जाऊ दिला गेला. कुठे हुकूमशहांनी तो गिळला, कुठे फसलेल्या योजनांत बुडाला. पुढे व्याजदर चढले. १९८२ साली मेक्सिकोने हप्ते भरणे शक्य नसल्याचे जाहीर केले आणि संकट उघड झाले. आफ्रिकेतले कित्येक देश शाळा आणि दवाखान्यांचा खर्च कापून व्याज भरत राहिले. कर्ज घेतले राज्यकर्त्यांनी, फेडले लेकराबाळांनी.

१९९४ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००० च्या ज्युबिली वर्षाची तयारी सांगताना या देशांचे कर्ज कमी करण्याचा, शक्य तर माफ करण्याचा विचार मांडला. इंग्लंडमध्ये मार्टिन डेंट आणि बिल पीटर्स यांनी लेवीयच्या त्याच अध्यायाचा आधार घेऊन चळवळ उभारली. १६ मे १९९८ रोजी बर्मिंगहॅममध्ये श्रीमंत राष्ट्रांच्या नेत्यांची परिषद भरलेली असताना सुमारे ७० हजार लोकांनी हातात हात गुंफून शहरात साखळी केली. पुढच्या वर्षी कोलोनच्या परिषदेत कर्जमाफी वाढवण्याचे ठरले. पुढे तीसहून अधिक देशांना तिचा लाभ झाला. टांझानियाने २००१ मध्ये प्राथमिक शाळांची फी बंद केली. झांबियाने २००६ मध्ये ग्रामीण दवाखान्यांतले शुल्क काढून टाकले.

गोष्ट इथे संपली असती तर बरे वाटले असते. पण २०२० मध्ये झांबियाचे हप्ते पुन्हा थकले. म्हणूनच २०२५ च्या ज्युबिलीची घोषणा करताना पोप फ्रान्सिस यांनाही कर्जमाफीची तीच हाक पुन्हा द्यावी लागली. मागच्या बाकावरून एका काकांनी विचारले, “मग माफ करून उपयोग काय झाला, फादर?” फादर म्हणाले, “नियमशास्त्राला हे ठाऊक होते, काका. म्हणून तर शिंग एकदाच फुंकायला सांगितले नाही, पुन्हा पुन्हा सांगितले.”

मत्तयच्या १८ व्या अध्यायात प्रचंड कर्ज माफ झालेला चाकर आपल्या सोबत्याला शंभर दीनारांसाठी तुरुंगात टाकतो. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. शंभर दिवसांची मजुरी काही थोडी नव्हे. ती सोडताना कुणालाही जड जाणारच, आणि प्रभूला तेही माहीत आहे.

हे ऐकताना मला आमच्याच आळीतली एक बहीण आठवली. चार वर्षांपूर्वी नवऱ्याच्या आजारपणात तिने माझ्याकडून आठ हजार रुपये नेले होते. मी कधी मागितले नाहीत. मागत नाही म्हणजे माफ केले, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. पण रक्कम आणि तारीख मला तोंडपाठ होती, आणि ती मात्र शेवटच्या आशीर्वादाआधीच मंदिरातून निघून जायची.

पुढच्या रविवारी मी दाराशी थांबले. मला पाहताच ती म्हणाली, “ताई, पुढच्या महिन्यात नक्की...” मी तिचा हात धरला आणि म्हटले, “ते आता नाहीत. मी सोडले. आशीर्वाद घेऊन जा.” ती काही बोलली नाही. पण आत वळली, आणि आम्ही दोघी एकाच बाकावर बसलो.

बर्मिंगहॅमच्या साखळीत आपण नव्हतो. पण ऋण सोडण्याची प्रार्थना आपण रोज म्हणतो. आज ती म्हणण्याआधी आपल्या मनातली वही एकदा उघडून पाहू या.

हे प्रभो, आमचे न फिटणारे ऋण तू सोडलेस. आमच्या वहीतली नावे खोडण्याचे बळ आम्हाला दे. आमेन.