पट कलकत्त्याचा, तिकीट कोणाचं?

आज बोलायचं आहे हिंडणाऱ्या बुद्धिबळपटूंबद्दल. ज्यांचं पोट पटावर चालतं आणि ज्यांचा पट आज या गावात, तर उद्या त्या देशात मांडला जातो, अशी माणसं. गाव मात्र आपण एकच धरू, कलकत्ता. माझा प्रश्न साधा आहे. खेळाडूच्या तिकिटाचे पैसे कोण देतं, आणि ते कोणीच दिले नाहीत तर काय होतं?

सुरुवात १८४८ पासून करू. जॉन कॉक्रन नावाचे स्कॉटिश बॅरिस्टर तेव्हा कलकत्त्यात वकिली करत होते. वय पन्नास. १८२१ मध्ये त्यांनी पॅरिसला जाऊन देशापेल आणि लाबूर्दोने या बड्या फ्रेंच खेळाडूंशी दोन हात केले होते, आणि पुढच्याच वर्षी बुद्धिबळावर ग्रंथही लिहिला होता. १८२४ मध्ये लंडन आणि एडिंबरा या शहरांत पत्रांनी सामना सुरू झाला. कॉक्रन लंडनच्या बाजूला होते, पण तो अर्ध्यावर सोडून हिंदुस्थानात निघून आले. मध्ये १८४१ ते १८४३ अशी लांबलचक सुट्टी काढून पुन्हा लंडनला गेले आणि हॉवर्ड स्टाँटन यांच्याशी शेकडो डाव खेळले. एवढा प्रवास केलेला माणूस, पण बुद्धिबळावर त्यांचं पोट नव्हतं. जहाजाचं भाडं वकिलीतून निघत होतं.

क्लबातल्या एका गड्याचं राहणं बऱ्याचदा मुफसिलात, म्हणजे शहराबाहेरच्या खेड्यापाड्यांत असे. त्याने बातमी आणली, की तिकडे एक ब्राह्मण आहे, आजवर कोणाकडून हरलेला नाही. हे कळल्यावर कॉक्रनसाहेबांना दम निघेना. ते स्वतः त्याच्या शोधात बाहेर पडले. या ब्राह्मणाचं नाव मोहेशचंद्र बॅनर्जी.

मला या प्रसंगात मोठी गंमत वाटते. एरवी त्या काळात साहेबाने बोलवायचं आणि एतद्देशीयाने जायचं. इथे पटासाठी साहेब निघाला.

मोहेशचंद्र वाढले होते देशी पद्धतीच्या बुद्धिबळावर. आपल्यातल्या जुन्या मंडळींनी आजोबांना ते खेळताना पाहिलंही असेल, कारण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रातही ते चालू होतं. त्यात प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जात नाही, एकच घर सरकतं. किल्लेकोट नाही. त्याऐवजी राजाला आयुष्यात एकदा घोड्याची चाल मिळते. अशा खेळात पहिल्या दोन-तीन चालींत पटाच्या मधोमध धडक मारता येत नाही. मग हळूहळू मांडणी करायची, घोड्यापुढचं प्यादं एक घर पुढे घ्यायचं आणि त्या खाचेत उंट बसवायचा. तो लांबून तिरक्या रेषेत नजर ठेवून असतो. मधली घरं समोरच्याने घेतली तर घेऊ द्यावी, नंतर कोपऱ्यातून त्यांना सुरुंग लावावा.

मोहेशचंद्र युरोपीय नियम शिकले, पण ही सवय त्यांनी सोडली नाही. हे महत्त्वाचं. लंडनच्या जाणकारांना ती मांडणी विचित्र वाटायची. पट्टीचे खेळाडू मध्यावर प्यादी ठोकतात, असा तेव्हा पक्का समज होता. मे १८५५ मध्ये मोहेशचंद्रांनी काळ्या मोहऱ्यांनी कॉक्रनविरुद्ध अशी सुरुवात केली: राजाचा घोडा बाहेर, मग घोड्यापुढचं प्यादं एक घर, आणि तिसऱ्या चालीला वजिराचं प्यादं दोन घरं. हीच मांडणी व्हिएन्नाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनी १९२२ मध्ये वापरली आणि जगाने तिला त्यांचं नाव दिलं. मध्ये सदुसष्ट वर्षं गेली होती. आज जगज्जेतेपदाच्या लढतींत जी खेळली जाते, तीच ही ग्रुनफेल्ड.

१८४८ ते १८६० या काळात दोघांमध्ये चारशेहून जास्त डाव झाले. मध्ये १८५० मध्ये कलकत्ता चेस क्लब निघाला, ५७ चं बंड झालं, कंपनीचं राज्य जाऊन राणीचं आलं, आणि यांचा पट मांडलेलाच. एकूण हिशेबात पारडं कॉक्रन यांचंच जड होतं, हेही सांगून टाकतो. उगाच आपल्या माणसाला जिंकवायचं कारण नाही. कॉक्रन यांचा खेळ म्हणजे नुसती आग. १८४८ मध्येच मोहेशचंद्रांविरुद्ध त्यांनी चौथ्या चालीला दोन प्याद्यांच्या बदल्यात आख्खा घोडा देऊन टाकला. त्या युक्तीला आजही कॉक्रन गँबिट म्हणतात. १९९९ मध्ये लिनारेसला टोपालोव्हने ती क्रामनिकविरुद्ध काढली आणि डाव बरोबरीत सुटला.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. कॉक्रन डाव वहीत टिपून ठेवत, विलायतेला पाठवत, आणि तिथल्या नियतकालिकांत ते छापून येत. वही आणि चाली समुद्रापार गेल्या. मोहेशचंद्र गेले नाहीत. ब्राह्मणाने समुद्र ओलांडणं तेव्हा निषिद्ध मानलं जाई, हे खरं. पण हा निषेध नसता तरी त्यांचं तिकीट कोणी काढलं असतं? १८५१ मध्ये लंडनला पहिली मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. सगळे युरोपातले खेळाडू. लंडनच्या छापील पानांवर मोहेशचंद्र कित्येकदा नुसते ‘ब्राह्मण’ म्हणून येतात. पुढे या मांडण्यांना ‘इंडियन डिफेन्स’ म्हणू लागले. म्हणजे देशाचं नाव राहिलं आणि माणसाचं गळालं. कॉक्रन १८६९ मध्ये, ज्या वर्षी सुएझचा कालवा उघडला त्या वर्षी, मायदेशी परतले आणि १८७८ मध्ये वारले.

तिकीट मिळालेला पहिला मोठा हिंदुस्थानी खेळाडू म्हणजे पंजाबचे मीर सुलतान खान. त्यांना त्यांचे मालक, उमर हयात खान, विलायतेला घेऊन गेले. १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वेळा त्यांनी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलं. मालक परतले, तसे तेही परतले, आणि कारकीर्द तिथेच थांबली. मानद ग्रँडमास्टर हा किताब त्यांना मिळाला २०२४ मध्ये, मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी.

स्वातंत्र्यानंतर मालक गेले, पण खर्च राहिला. ग्रँडमास्टर व्हायचं तर साधारणपणे तीन नॉर्म लागतात, म्हणजे तीनदा तशी कामगिरी करून दाखवायची. त्यासाठी समोर पुरेसे ग्रँडमास्टर हवेत, आणि ते निरनिराळ्या देशांचे हवेत. देशात एकही ग्रँडमास्टर नसताना ते आणायचे कुठून? युरोपात जायचं, स्वस्तात स्वस्त राहायचं, आणि बक्षीस मिळालं तर पुढच्या गावाचं भाडं निघणार. कलकत्त्याच्या दिब्येंदू बरुआने १९८२ मध्ये पोरवयात लंडनला कोर्चनॉयला हरवलं. कोर्चनॉय म्हणजे आदल्याच वर्षी जगज्जेतेपदासाठी खेळलेला माणूस. तरी बरुआ ग्रँडमास्टर झाला १९९१ मध्ये. आनंद १९८८ मध्ये झाला होता. तिसरे आपले मुंबईचे प्रवीण ठिपसे, १९९७ मध्ये. जवळजवळ दहा वर्षांत तीन.

आनंद एक किस्सा सांगतो. रेल्वेत एका वयस्कर सहप्रवाशाने विचारलं, काय करतोस? तो म्हणाला, बुद्धिबळ खेळतो. ते झालं, पण कामधंदा काय? त्या गृहस्थांनी मग प्रेमाने समजावलं, की बाळा, यात काही खरं नाही. अगदी विश्वनाथन आनंद असशील तर गोष्ट वेगळी!

कलकत्त्याने यावर आपल्या परीने उपाय काढला. तिथे सोव्हिएत सांस्कृतिक केंद्र होतं, गॉर्की सदन. त्याच्या आसऱ्याने अलेखिन चेस क्लब वाढला. नव्वदच्या दशकात गुडरिक या चहाच्या कंपनीच्या नावाने खुली आंतरराष्ट्रीय स्पर्धा होऊ लागली. सोव्हिएत संघ विस्कटला होता, तिकडचे ग्रँडमास्टर बक्षिसांच्या मागे जगभर वणवण करत होते, आणि त्यातले काही हुगळीच्या काठी येत. आपल्या पोरांना पासपोर्ट न काढता ग्रँडमास्टर समोर मिळू लागले. मला विचाराल तर पुढच्या भरभराटीत अशा स्पर्धांचा वाटा कोचिंगइतकाच मोठा आहे.

बायकांची वाट आणखी अवघड होती. १९७६ मध्ये मुंबईची रोहिणी खाडिलकर राष्ट्रीय पुरुष अजिंक्यपद स्पर्धेत उतरली, तर केवढा गहजब झाला. प्रकरण हायकोर्टात गेलं. शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी निर्णय दिला, की स्त्रियांना अडवता येणार नाही. आधी पटापर्यंत पोचायचा हक्क, मग तिकिटाची गोष्ट.

आता २०२३ च्या कोलकात्यात येऊ. टाटा स्टीलची जलद स्पर्धा इथे २०१८ पासून होते, आणि २०२२ पासून महिलांचा वेगळा गट आहे, बक्षिसाची रक्कम पुरुषांइतकीच. ऐनवेळी वैशालीच्या जागी नागपूरच्या दिव्या देशमुखला बोलावणं आलं. वय सतरा, गटात सगळ्यात कमी रेटिंग. रॅपिडचं विजेतेपद तिनेच नेलं. मागे राहिलेल्यांत जगज्जेती जू वेन्जुन होती आणि कोनेरू हम्पीही होती.

दोन वर्षांनी, जुलै २०२५ मध्ये, दिव्या जॉर्जियातल्या बातुमीला विश्वचषक खेळायला गेली, तेव्हा तिच्याकडे ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नव्हता. डॉक्टर आई सोबत होती. २८ जुलैला टायब्रेकमध्ये हम्पीला हरवून ती जिंकली, आणि त्या विजयानेच थेट भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर झाली. नागपूर विमानतळावर ही गर्दी! त्या गर्दीत तिने आईवडिलांचं, बहिणीचं नाव घेतलं, आणि मग नागपुरातले तिचे पहिले गुरू राहुल जोशी सरांचं. ती ग्रँडमास्टर व्हावी, ही त्यांचीच इच्छा होती, असं ती म्हणाली. सर २०२० मध्येच गेले होते.