एका काडीचं मोल

शिऱ्यात घालायला बेदाणे निवडायला बसले की मला सासूबाई आठवतात. देठ राहिलेला मणी त्या नखानं अलगद साफ करायच्या आणि म्हणायच्या, "पोरी, ह्या एका मण्यामागं किती हात हायती, ठावं हाय का?" तेव्हा मी नुसती हसायचे. आता वाटतं, आपल्या भागाचा केवढा तरी इतिहास त्या प्रश्नात होता.

माझं माहेर तासगावकडचं आणि सासर अथणी तालुक्यातलं. मध्ये दोन राज्यांची सीमा, पण वेलीला ती कुठं कळते?

पूर्वी द्राक्षं म्हणजे भोकरी नाहीतर पांढरी साहेबी. बिया थुंकत खायची. पुण्याच्या गणेशखिंडीच्या बागेत निवड होऊन डॉ. चीमांच्या नावाची 'चीमा साहेबी' आली, हैदराबादकडून अनाबशाही आली. मग साठीच्या दशकात बिनबियांची थॉमसन सीडलेस आली. वेल तर आली, पण तिला वागवायचं कसं? थंड देशात ती हिवाळ्यात झोपते, आपल्याकडे झोपतच नाही. म्हणून आपल्याकडे वर्षातून दोन छाटण्या: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपास फळ छाटणी. उन्हाळ्यात जी काडी तयार होते, तिच्याच डोळ्यात पुढचा घड दडलेला असतो. तिथं चूक झाली की वर्ष गेलं.

हे सगळं एकट्यानं शिकायचं तर जन्म पुरला नसता. 1960 च्या आसपास महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ उभा राहिला. पुणे, नाशिक, सांगली, सोलापूर असे त्याचे विभाग. चर्चासत्रं व्हायची, 'द्राक्षवृत्त' मासिक निघायचं, एकमेकांच्या बागा बघायला माणसं जायची. केवडा कधी येतो, भुरीला काय मारायचं, घड कशात बुडवला की मणी लांबतो, हे सगळं एकमेकांना विचारून ठरायचं.

मोठे शोधही बागेतच लागले. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसनमधून 'तास-ए-गणेश' निवडली. सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी लांब मण्यांची 'सोनाका' दिली. हजारांत एखादी काडी वेगळी निघते. ती ओळखायला रोज बागेत राबणारा डोळा लागतो. आणि ओळखल्यावर ती वाढवावी लागते, दुसऱ्याच्या बागेत जावी लागते. ह्या वाणांच्या काड्या अशाच गावोगाव गेल्या, आमच्या अथणीकडेही पोचल्या.

1991 मध्ये बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी मिळून 'महाग्रेप्स' सुरू केलं. सुरुवातीला परदेशी गेलेला माल नाकारला गेला, तेव्हा माल तोडल्याबरोबर थंड करायला शिकावं लागलं. 1997 मध्ये पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आलं. तरी 2010 मध्ये एका औषधाचा अंश सापडला म्हणून युरोपात माल अडकला आणि कितीतरी घरं हादरली. एकत्र बांधलेल्या माणसांचं असंच असतं. एकाचं ज्ञान सगळ्यांना मिळतं, तसा एकाच्या चुकीचा फटकाही सगळ्यांना बसतो.

आमचे मामंजी चर्चासत्राला सांगलीला जायचे. परतले की सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं, मग मासिक मोठ्यानं वाचायचं. सासूबाईंना वाचता येत नव्हतं. त्या भाकरीचं पीठ चाळत ऐकायच्या. दुसऱ्या दिवशी बागेत विरळणी करणाऱ्या बायकांना त्याच सांगायच्या, कुठली पाकळी ठेवायची, कुठले मणी काढायचे, कात्री कशी धरायची. बेदाण्याच्या शेडवर प्रतवारीही त्यांच्याच नजरेखालून व्हायची. मग तो माल तासगावच्या सौद्याला जायचा. सभेत जे बोललं जायचं, ते वेलीपर्यंत पोचवायचे हात बायकांचे होते.

पण सभेच्या फोटोत त्या कुठंच नाहीत. उताऱ्यावर नाव मामंजींचं, चर्चासत्रातली खुर्चीही त्यांचीच. मी कला शाखेची पदवीधर, घरात असून एकदाही सासूबाईंना म्हटलं नाही की तुम्ही सांगा, मी लिहून घेते. कात्री किती तिरकी धरायची हे त्या सांगायच्या, ते आता मला नीट आठवत नाही.

तुमच्या घरी कुणी अशी असेल, तर आजच वही घेऊन तिच्याजवळ बसा, बायांनो. माझं राहून गेलं.