भयपटाचा पहिला प्रसंग : प्रकाश, वास्तू आणि विश्वास



स्मृतिव्याख्यानासाठी मी भयपट हा विषय निवडल्याचे कळल्यावर काहींच्या कपाळावर आठी उमटली असेल. शाळेच्या व्यासपीठावरून इतिहास सांगायचा तर लढाया, सनदा, तह आणि सुधारणा यांविषयी बोलावे, अशी आपली सवय आहे. भुताखेतांच्या चित्रपटांचे तेथे काय काम, हा प्रश्न वाजवी आहे. त्यावर माझे उत्तर एवढेच की, माणसाच्या मनात भीती कशी निर्माण केली जाते आणि ती कोण निर्माण करते, हा इतिहासाच्या गाभ्याचा प्रश्न आहे. राजसत्तेने आणि धर्मसत्तेने भीतीचा उपयोग कसा केला, हे आपण ग्रंथांतून वाचतो. चित्रपटात मात्र तीच क्रिया डोळ्यांसमोर घडते आणि रीळ पुन्हा चढवून पाहिले तर तिचा एकेक सांधा तपासता येतो.

आज मी भयपटाच्या केवळ आरंभाविषयी बोलणार आहे. आरंभी भूत अजून आलेले नसते. प्रेक्षक नुकताच आसनावर बसलेला असतो, शेजाऱ्याशी कुजबुजत असतो, घाबरायचे नाही असा निश्चयही करून आलेला असतो. अशा वेळी कलावंतापाशी मुख्यतः दोनच साधने असतात. एक कॅमेरा आणि दुसरे नेपथ्य, म्हणजे ती वास्तू, तिचे दार, जिना, दिवा, भिंतीवरची तसबीर. या दोहोंच्या बळावर दहा मिनिटांत प्रेक्षकाचा निश्चय मोडायचा असतो. हे कसे साधते ते पाहताना मला एक कसोटी सापडली. उत्तम भयपटाचा आरंभ प्रेक्षकाला फसवतो, परंतु त्याच्याशी खोटे बोलत नाही. शेवट ठाऊक झाल्यावर तोच आरंभ पुन्हा पाहिला, तर त्यातील प्रत्येक वस्तू साक्ष द्यायला उभी राहिली पाहिजे.

या कसोटीचे पहिले उदाहरण जर्मनीतले आहे. रॉबर्ट वीने यांचा ‘द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगारी’ हा मूकपट १९२० साली प्रदर्शित झाला. हेर्मान वार्म, वाल्टर रायमान आणि वाल्टर रोरिग या तिघांनी त्याचे नेपथ्य रचले. तिरप्या भिंती, वाकड्या खिडक्या, आणि सावल्याही दिव्याने न पाडता रंगाने रंगवलेल्या! परंतु चित्रपटाचा आरंभ या वाकड्या गावात होत नाही. तो एका बागेत, बाकावर बसलेल्या दोन माणसांपासून होतो. पांढऱ्या वेषातील एक तरुणी भान हरपल्यासारखी त्यांच्यासमोरून जाते आणि दोघांपैकी एकजण आपली कहाणी सांगू लागतो. प्रेक्षक त्याच्यावर विश्वास ठेवतो, कारण बाग साधी आहे आणि माणूस शांत आहे. अखेरीस कळते की हा सांगणारा मनोरुग्णालयात राहणारा आहे. मग ध्यानात येते की त्या स्त्रीची शून्य नजर आपल्याला पहिल्याच प्रसंगात दाखवली होती. पाहूनही आपण ती वाचली नव्हती.

दोनच वर्षांनी, १९२२ मध्ये, फ्रीडरिख मुर्नाऊ यांनी ‘नोस्फेरातू’त नेमकी उलट वाट धरली. त्यांनी रंगवलेले पडदे सोडले आणि विस्मार, ल्यूबेक या जुन्या गावांत व स्लोवाकियातील ओरावा किल्ल्यात कॅमेरा नेला. आरंभी लख्ख दिवस आहे. तरुण नवरा आरशासमोर गळपट्टा ठीकठाक करतो आहे, बायको खिडकीशी मांजराला खेळवते आहे. तो बागेतली फुले खुडून तिला आणून देतो आणि ती हरखण्याऐवजी त्या खुडलेल्या फुलांसाठी हळहळते. भयाचा एकही संकेत नसलेल्या त्या घरात मृत्यूने पाऊल ठेवले आहे, ते एका फुलांच्या गुच्छाच्या रूपाने. नेपथ्यातील लहानशी वस्तू किती भार वाहू शकते, याचा हा वस्तुपाठ आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झाली आणि १९३३ मध्ये पुण्यास आली. त्याच सुमारास ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींच्या कामानिमित्त व्ही. शांताराम जर्मनीस जाऊन आले होते. पुण्याच्या नव्या स्टुडिओतला पहिला बोलपट म्हणजे १९३४ चा ‘अमृतमंथन’. नारायण हरी आपटे यांच्या कादंबरीवर आधारलेला हा बोलपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. राजगुरूची भूमिका मराठीत केशवराव दाते यांनी आणि हिंदीत चंद्रमोहन यांनी केली. छायालेखन केशवराव धायबर यांचे होते.

हा रूढ अर्थाने भयपट नव्हे. परंतु त्याचा आरंभ पाहावा. तळघरात, थरथरत्या उजेडात चंडिकेच्या उपासकांची गुप्त सभा भरली आहे. राजाने बळी देण्याची प्रथा बंद केली, म्हणून राजालाच मारायचे असा बेत तेथे ठरतो आहे. आणि टेलिफोटो भिंगातून टिपलेला राजगुरूचा एक डोळा सारा पडदा व्यापून टाकतो. तो काळ रंगभूमीच्या संस्कारांचा होता. नट पूर्ण दिसला पाहिजे, त्याचे पल्लेदार भाषण ऐकू आले पाहिजे, अशी प्रेक्षकांची अपेक्षा असे. अशा प्रेक्षकासमोर चेहरा नाही, हात नाही, केवळ डोळा! त्या डोळ्यापुढे आपणही त्या तळघरातल्या अनुयायांपैकी एक होऊन बसतो. येथे भूत नाही, पिशाच नाही. एक माणूस दुसऱ्या माणसांना भीतीने कसा बांधून ठेवतो, हेच कॅमेरा दाखवतो. भीतीचे हे राजकारण मराठी कलावंतांनी १९३४ साली पहिल्याच प्रसंगात उघड करून ठेवले, याचा आपल्याला रास्त अभिमान वाटावा.

प्रभातने जर्मनीहून अनुभव आणला, तर मुंबईच्या मालाडमधील बॉम्बे टॉकीजमध्ये जर्मन तंत्रज्ञच काम करीत होते. हिमांशू राय यांनी १९३४ मध्ये या संस्थेची उभारणी केली, तेव्हा दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन, नेपथ्यकार कार्ल फॉन स्प्रेटी आणि छायालेखक योझेफ विर्शिंग ही मंडळी तिच्याशी जोडली गेली. विर्शिंग मूळचे म्युनिकचे. १९२५ च्या ‘प्रेम संन्यास’ या मूकपटासाठी ते प्रथम भारतात आले होते. येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ‘कॅलिगारी’ बर्लिनमध्ये घडला आणि विर्शिंग म्युनिकच्या एमेल्का कंपनीत तयार झाले. दोहोंमध्ये सरळ रेघ ओढणे इतिहासाला धरून होणार नाही. त्यांनी येथे आणली ती प्रकाश मोजूनमापून वापरण्याची शिस्त. दुसऱ्या महायुद्धात जर्मन नागरिक म्हणून ब्रिटिश सरकारने त्यांना स्थानबद्ध केले. युद्ध संपल्यावर ते पुन्हा कॅमेऱ्यामागे उभे राहिले आणि १९४९ साली ‘महल’ आला.

कमाल अमरोही यांचे दिग्दर्शक म्हणून हे पहिले काम. संकलक बिमल रॉय, संगीतकार खेमचंद प्रकाश. वादळी रात्र आहे. अलाहाबादेतील ओसाड प्रासादाचा नवा मालक, म्हणजे अशोक कुमार, तेथे येतो. म्हातारा माळी त्याला वास्तूची जुनी कथा ऐकवतो. चाळीस वर्षांपूर्वी कुणी एकाने हा महाल बांधला, त्याची प्रिया रोज मध्यरात्रीपर्यंत त्याची वाट पाही, आणि एका रात्री त्याची नाव बुडाली. मग मालक एकटा दालनांतून हिंडतो. भिंतीवरची तसबीर खाली पडते, तिच्यातला चेहरा हुबेहूब त्याचाच! त्यानंतर गाणे ऐकू येते, झोपाळ्यावर एक आकृती दिसते आणि जवळ जाताच नाहीशी होते.

या क्रमाकडे नीट लक्ष द्यावे. आधी कथा, मग रिकामी दालने, मग तसबीर, मग आवाज आणि सर्वांत शेवटी आकृती. प्रत्येक पायरीवर प्रेक्षकाला थोडे अधिक दिले जाते, परंतु पुरते कधीच दिले जात नाही. विर्शिंग चौकटीचा मोठा भाग काळोखात सोडतात. उंच छताखाली, रुंद जिन्याशी माणूस लहान दिसतो. अशा दालनांत त्याने कितीही पावले टाकली तरी तो वास्तूचा मालक वाटत नाही, पाहुणाच वाटतो. नेपथ्याचे सारे सामर्थ्य या एका जाणिवेत एकवटले आहे.

आणि तो आवाज! तो आपल्याच इंदुरात १९२९ साली जन्मलेल्या लता मंगेशकरांचा. ‘आएगा आनेवाला’ या गीताच्या ध्वनिमुद्रणाची आठवण त्या सांगत असत. मायक्रोफोन खोलीच्या मध्यभागी ठेवलेला होता, आणि त्यांनी दुरून गात गात त्याच्याकडे यायचे होते. प्रतिध्वनीची यंत्रे हाताशी नसताना अंतर पायांनी मोजून घेतले गेले. कॅमेरा जे दालनांतून करीत होता, तेच त्यांच्या पावलांनी ध्वनिमुद्रणाच्या खोलीत केले.

आता माझी कसोटी लावून पाहू. शेवटी उलगडते की ती आकृती भूत नसून माळ्याचीच मुलगी आहे. मग पहिला प्रसंग पुन्हा आठवावा. महालाची कथा आपल्याला कोणी सांगितली? माळ्याने. जी कथा त्या मुलीच्या घरातच नांदत होती, तीच त्याने नव्या मालकाला ऐकवली. उगम आपल्यासमोर उभा होता आणि आपण मात्र तसबिरीकडे पाहत राहिलो. खोटे काहीच सांगितले गेले नव्हते.

‘महल’ने घातलेल्या वाटेवर साठच्या दशकात बरेच चित्रपट आले. १९६२ च्या ‘बीस साल बाद’चे दिग्दर्शक बीरेन नाग हे मूळचे कलादिग्दर्शक होते. गुरुदत्त यांच्या संस्थेच्या ‘प्यासा’ आणि ‘साहिब बीबी और गुलाम’ या चित्रपटांचे नेपथ्य त्यांचे. वास्तू रचणारा माणूस दिग्दर्शनाकडे वळला आणि त्याने पहिल्यानेच भयकथा निवडली, यात मला संगती दिसते. भिंतीला बोलते करण्याची कला त्याला आधीच अवगत होती. १९६४ मध्ये राज खोसला यांनी ‘वह कौन थी’त महालाची जागा एका मोटारीला दिली. मुसळधार पावसाची रात्र, रस्त्यात उभी असलेली पांढऱ्या साडीतली स्त्री. डॉक्टर तिला गाडीत घेतो आणि काचेवरचा वायपर बंद पडतो. त्याला रस्ता दिसेनासा होतो, पण तिला दिसतो. तिच्या सांगण्यावरून गाडी थेट कब्रस्तानाशी येऊन थांबते. लाखो रुपयांचा महाल न उभारता, एका वायपरच्या थांबण्याने प्रेक्षकाच्या डोळ्यांवर पडदा ओढला गेला. पुढे तोही मालमत्तेसाठी माणसांनी रचलेला डाव ठरतो. आपल्या या परंपरेत भुतामागे बहुधा माणूसच निघतो, हे विसरू नये.

परदेशात याच काळात प्रश्न वेगळ्या दिशेने गेला. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘सायको’त, १९६० साली, कॅमेरा फीनिक्स शहरावरून सरकत येतो. पडद्यावर शहर, वार, तारीख आणि दुपारचे दोन वाजून त्रेचाळीस मिनिटे अशी वेळ उमटते. मग कॅमेरा एका खिडकीच्या अर्धवट ओढलेल्या पट्ट्यांखालून परक्या खोलीत शिरतो. खोलीत काही भयंकर नाही. अस्वस्थ करते ते आपले शिरणे. जॉन कारपेंटर यांच्या १९७८ च्या ‘हॅलोविन’मध्ये याचाच कळस आहे. अंगावर बांधलेला कॅमेरा घराभोवती फिरतो, आत जातो, सुरी उचलतो, मुखवटा चढवतो. आपण दोन भोकांतून पाहत राहतो. खून होतो आणि मुखवटा उतरल्यावर कळते की आपण सहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांनी पाहत होतो. ‘अमृतमंथन’मध्ये डोळा आपल्यावर रोखला होता, येथे तो आपल्याला बहाल केला आहे. कॅमेरा कोणाच्या बाजूला उभा केला, हा प्रश्न केवळ तंत्राचा राहत नाही, नीतीचा होतो.

अलीकडे, २०१८ साली, राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ने हा धागा पुन्हा मराठी मातीत आणून सोडला. भाषा हिंदी असली तरी मूळ प्रेरणा नारायण धारप यांच्या कथेची आहे. देवीची आणि तिच्या लोभी पुत्राची कथा आरंभीच सांगितली जाते, आणि मग १९१८ सालचे पावसात भिजणारे कोकण, वाडा, कंदील आणि दोन लहान भाऊ. छायालेखक पंकज कुमार यांनी तो पाऊस आणि ढगाळ उजेड ओलसर भिंतींसारखा अंगावर येऊ दिला. येथे दैत्य खराच आहे. तरीही कसोटी टिकते, कारण विनाशाचे मूळ लोभात आहे हे पहिल्या कथेनेच सांगून टाकले होते.

मित्रहो, एवढे सांगण्याचा हेतू चित्रपटांची शिफारस करण्याचा नाही. आपल्या शाळेने अक्षरे वाचायला शिकवली. चौकट वाचायला मात्र आपण बहुतेक जण आपापलेच शिकलो, किंवा शिकलोच नाही. आज मुलांच्या हातातल्या लहान पडद्यावर भीती विकली जाते. ती भुताची असते तशीच परक्याची, शेजाऱ्याची, आपल्याहून वेगळा देव भजणाऱ्याचीही असते. तिचेही पहिले दृश्य कुणीतरी रचलेले असते, दिवा कुणीतरी धरलेला असतो. ते दृश्य फसवते की खोटे बोलते, एवढे विचारायला मुलांना शिकवले, तर या व्यासपीठावर भयपटाला जागा दिल्याचे सार्थक होईल. मुलाने घाबरू नये असे मी म्हणणार नाही. घाबरावे, आणि मग पहिला प्रसंग पुन्हा पाहावा.