एडिंग्टन नंबर म्हणजे काय? लांब पल्ल्याचे सायकलवाले आपला हिशेब कसा ठेवतात

एक जण वर्षातले ३०० दिवस रोज २० किलोमीटर सायकल चालवतो. घर ते ऑफिस, ऑफिस ते घर. दुसरा रोज सायकलला हात लावत नाही, पण महिन्यातल्या एका रविवारी उठून थेट २०० किलोमीटर मारून येतो. दोघांतला मोठा सायकलवाला कोण?

वर्षाची बेरीज केली तर पहिला पुढे: ६,००० विरुद्ध २,४०० किलोमीटर. एका दिवसाची मजल बघितली तर दुसरा. सोसायटीच्या ग्रुपवर हा वाद कधीच मिटत नाही. याच वादावर जवळपास शंभर वर्षांपूर्वी एका खगोलशास्त्रज्ञाने तोडगा काढला होता आणि तो आजही जगभरातले सायकलस्वार वापरतात. त्याचं नाव एडिंग्टन नंबर.

व्याख्या एका ओळीची आहे. ज्या सायकलस्वाराने किमान ‘ई’ दिवशी किमान ‘ई’ इतकं अंतर कापलं आहे, त्याचा एडिंग्टन नंबर ‘ई’. म्हणजे आयुष्यात ४० दिवस असे असतील की त्या प्रत्येक दिवशी ४० किंवा जास्त किलोमीटर झाले, पण ४१ किलोमीटरचे ४१ दिवस अजून भरले नसतील, तर नंबर ४०.

आता वरच्या दोघांकडे परत पाहू. रोज २० किलोमीटरवाल्याचा नंबर २०. त्याने हाच क्रम पुढची दहा वर्षं चालू ठेवला तरी नंबर २० वरच राहील, कारण २१ किलोमीटरचा एकही दिवस त्याच्या नावावर नाही. रविवारवाल्याचा नंबर फक्त १२, कारण त्याच्याकडे दिवसच १२ आहेत. दोघांच्या राइड एकाच माणसाने केल्या असत्या तरी नंबर २० च आला असता! २१ गाठायला २१ दिवस लागतात आणि त्याच्याकडे मोठे दिवस फक्त १२. मात्र या माणसाने ऑफिसहून येताना एक किलोमीटरचा वळसा घेतला, तर नऊ दिवसांत त्याचा नंबर २१ होतो.

थोडक्यात, हा आकडा सातत्य आणि मजल दोन्ही मागतो. एकाच्या जोरावर दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही.

एडिंग्टन कोण होता?

सर आर्थर एडिंग्टन (१८८२-१९४४) हे केंब्रिजमधले ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ. १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या प्रिन्सिपे बेटावर जाऊन त्यांनी ताऱ्यांचे फोटो घेतले. सूर्याजवळून येणारा प्रकाश वाकतो हे त्या मोहिमेतून दिसलं आणि आइन्स्टाइनचं नाव घराघरांत पोहोचलं. एडिंग्टन सायकलचे पक्के शौकीन होते आणि आपल्या राइडचा हिशेब याच पद्धतीने ठेवायचे.

भारतीय वाचकाला एडिंग्टन आठवतात ते वेगळ्या कारणाने. १९३५ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या बैठकीत त्यांनी तरुण सुब्रह्मण्यम चंद्रशेखर यांच्या श्वेतबटू ताऱ्यांवरच्या संशोधनाची जाहीर टर उडवली होती. पुढे चंद्रशेखर बरोबर ठरले आणि १९८३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण गंमत अशी की या भांडणानंतरही दोघांचा पत्रव्यवहार सुरू राहिला आणि त्या पत्रांत एडिंग्टन आपला सायकलचा आकडा कुठवर आला हेही कळवायचे. एवढा मोठा शास्त्रज्ञ, विश्वाचा पसारा मोजणारा, आणि सायकलचा नंबर एकाने वाढला की मित्राला पत्र लिहितो!

त्यांचा आयुष्यभराचा नंबर ८४ असा नोंदवला जातो, आणि तो मैलांत. ८४ मैल म्हणजे साधारण १३५ किलोमीटर. असे किमान ८४ दिवस. पुणे ते मुंबई जुन्या हायवेने साधारण १५० किलोमीटर पडतं, त्याच्या थोडंसं अलीकडे. तेही आजच्या हलक्या फ्रेम आणि गिअर नसलेल्या जमान्यात.

(भौतिकशास्त्रात ‘एडिंग्टन नंबर’ नावाची आणखी एक गोष्ट आहे: विश्वातल्या प्रोटॉनची एकूण संख्या, जी त्यांनी गणिताने काढायचा प्रयत्न केला होता. नेटवर शोधताना दोन्ही समोर येतात. त्यांचा एकमेकांशी संबंध नाही.)

संशोधकांचं काम मोजायला वापरला जाणारा एच-इंडेक्स ज्यांना माहीत आहे त्यांना हे गणित ओळखीचं वाटेल. किमान ‘एच’ शोधनिबंधांना किमान ‘एच’ वेळा उद्धृत केलेलं असणं, ही त्याची रचना. हॉर्हे हिर्श यांनी तो २००५ मध्ये मांडला. सायकलवाले तेव्हा हाच हिशेब कित्येक वर्षं करत होते.

नंबर वाढवणं इतकं अवघड का?

कारण पायरी वर चढली की खालच्या राइड हिशेबातून गळतात. समजा एकाचा नंबर ५० आहे. त्याची नोंद अशी: ५० किलोमीटर किंवा जास्त झालेले दिवस ५२, ५१ च्या वरचे ५०, ६० च्या वरचे ३१, ७५ च्या वरचे १४ आणि शंभरी पार केलेले ६.

५१ साठी त्याला ५१ च्या वरची फक्त एक राइड हवी. येत्या रविवारी काम होईल. ६० साठी मात्र ६० च्या वरच्या आणखी २९ राइड लागतील. ७५ साठी ६१. आणि १०० गाठायचा असेल तर शंभरीच्या तब्बल ९४ राइड.

दर रविवारी एक शंभरी असं धरलं तर ९४ रविवार म्हणजे पावणेदोन वर्षांपेक्षा थोडं जास्त. पण महाराष्ट्रात सगळे रविवार कोणाला मिळतात? जून ते सप्टेंबर पावसाचे, त्यात घाटातलं धुकं आणि खड्डे. मे महिन्यात अकरा वाजल्यानंतर विदर्भ-मराठवाड्यात सायकल चालवणं म्हणजे ऊन लागण्याला निमंत्रण. मग लग्नं, गणपती, मुलांच्या परीक्षा. वर्षाला ३५ रविवार हाती लागले तरी पुष्कळ. त्या हिशेबाने पावणेतीन वर्षं झाली. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाने हे गणित कागदावर मांडलं की पहिल्यांदा जरा धक्का बसतो. किती किलोमीटर उरले यापेक्षा असे किती रविवार उरले, हा प्रश्न समोर येतो.

म्हणूनच लक्ष्य आधी ठरवणं इथे फार महत्त्वाचं. वरच्याच माणसाने पुढच्या २९ राइड ६०-६० किलोमीटरच्या केल्या तर नंबर ६० होईल, पण ७५ साठी पुन्हा ६१ राइड शिल्लकच. त्याच २९ राइड ७५ च्या केल्या तर ६० तर होतीलच, शिवाय ७५ साठी फक्त ३२ उरतील. दिवस तेवढेच, फक्त रोज १५ किलोमीटर जास्त. अनुभवी लोक आपल्या नंबरच्या एकदोन पायऱ्या वरची राइड करत नाहीत, आयुष्यात जो नंबर हवा आहे त्या अंतराची करतात. ज्याला शंभर गाठायचा आहे त्याने ९५ वरून घरी परतू नये. ती राइड ९६ च्या पायरीवर बाद होते.

आणखी एक साधं गणित. नंबर गाठायला एकूण किमान किती किलोमीटर लागतील? त्या आकड्याचा वर्ग. ५० साठी २,५००, १०० साठी १०,०००. ५० वरून १०० म्हणजे दुप्पट नव्हे, चौपट.

मैल की किलोमीटर?

भारतात अर्थातच किलोमीटर. पण इंग्लंड-अमेरिकेतल्या कोणाशी तुलना करताना एक गफलत नेहमी होते. मैलांतला नंबर १.६ ने गुणला की किलोमीटरमधला मिळतो असं लोक धरून चालतात. तसं होत नाही, कारण एकक बदललं तरी दिवसांची संख्या बदलत नाही. मैलांत ८४ नंबर असलेल्याचा किलोमीटरमधला नंबर ८४ ते १३६ यांमध्ये कुठेही असू शकतो. नेमका किती, ते त्याच्या सगळ्या राइडची यादी पुन्हा मांडल्याशिवाय कळत नाही.

हिशेब कसा ठेवायचा?

स्ट्राव्हावरची नोंद वाचून हा नंबर काढून देणाऱ्या साइट्स आहेत. व्हेलोव्ह्यूअर त्यातली एक. पण एक्सेलमध्येही दोन मिनिटांचं काम आहे. आधी एका दिवसाच्या सगळ्या राइडची बेरीज करून एक आकडा करायचा, कारण हिशेब दिवसाचा आहे, राइडचा नाही. सकाळी ३० आणि संध्याकाळी २५ म्हणजे ५५. मग हे दिवस मोठ्याकडून लहानाकडे लावायचे आणि शेजारी १, २, ३ असे क्रमांक द्यायचे. खाली येत गेलं की एक ओळ अशी येते जिथे अंतर क्रमांकापेक्षा कमी होतं. त्याच्या आधीच्या ओळीचा क्रमांक हाच नंबर.

नियम स्वतःच ठरवायचे असतात, कारण हा नंबर देणारी कुठली संस्था नाही. तरी काही बाबी आधीच ठरवून टाकलेल्या बऱ्या. ९९.६ म्हणजे १०० नव्हे, हे सर्वमान्य. रात्री साडेदहाला सोसायटीच्या आवारात चकरा मारणारा सायकलवाला दिसला तर समजावं की त्याचे चारशे मीटर कमी पडले आहेत. घरातल्या ट्रेनरवर केलेले किलोमीटर बरेच जण वेगळ्या यादीत ठेवतात. ई-बाइकचेही तसंच.

मध्यरात्र ओलांडणाऱ्या राइडचा प्रश्न मात्र खरा आहे, विशेषतः ब्रेव्हे करणाऱ्यांना. ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत ठरलेलं अंतर स्वतःच्या बळावर पूर्ण करणं. स्पर्धा नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लब पारिझियनच्या नियमांनुसार ती चालतात आणि भारतात ऑडॅक्स इंडिया रँडोनर्स भरवते. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. नोव्हेंबर ते ऑक्टोबर या एका मोसमात चारही पूर्ण केली की ‘सुपर रँडोनर’. शनिवारी सकाळी सहाला निघालेला ६०० वाला रविवारी रात्री दहापर्यंत रस्त्यावर असू शकतो. ही सगळी राइड शनिवारच्या नावावर टाकली तर यादीत एकच दिवस वाढतो. बाराच्या ठोक्याला तोडली तर साधारण साडेतीनशे आणि अडीचशे असे दोन दिवस मिळतात. दोन्ही पद्धती चालतात. दर वेळी सोयीची निवडणं मात्र बरोबर नाही.

नंबरला काय दिसत नाही?

चढ. सोलापूर रस्त्याने सपाट १०० किलोमीटर आणि वाईहून पसरणी घाट चढून पाचगणी-महाबळेश्वरकडे गेलेले १०० किलोमीटर त्याच्या लेखी सारखेच. वेग दिसत नाही, समोरून येणारा वारा दिसत नाही, आणि दोन पंक्चर तर नाहीच. ज्यांचा जीव घाटात रमतो त्यांच्यासाठी एव्हरेस्टिंग हे वेगळं खूळ आहे: एकाच चढावर वर-खाली करत एका दमात ८,८४८ मीटर चढाई भरून काढायची. वर्षभराचे किलोमीटर मोजण्याची परंपरा तर त्याहून जुनी. टॉमी गॉडविन या इंग्लिश सायकलपटूने १९३९ या एका वर्षात ७५,०६५ मैल कापले, म्हणजे रोज सरासरी ३३० किलोमीटर. महायुद्ध सुरू झालं तरी तो थांबला नव्हता.

आणि थकवाही नंबरला दिसत नाही. हीच त्याची सगळ्यात मोठी त्रुटी. नंबर कधी कमी होत नाही, त्यामुळे थांबलं तर काही बिघडत नाही हे खरं. पण ‘अजून चार राइड, मग झाला’ ही ओढ वाईट. गुडघा दुखत असताना, हाताची बोटं बधिर होत असताना लोक शंभरी पुरी करतात आणि मग दोन महिने घरी बसतात. दोन महिने म्हणजे आठ रविवार. अंधार पडल्यावर हायवेच्या कडेने उरलेले १२ किलोमीटर भरत बसणं तर थेट जिवाशी खेळ आहे. पुढे-मागे दिवे, रिफ्लेक्टर जॅकेट आणि हेल्मेट नसेल तर ती राइड ८८ वर सोडलेली बरी. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर सायकलला परवानगीच नाही, हे दरवर्षी कोणाला तरी नव्याने कळतं.

जुन्या राइडचं काय, हा शेवटचा नेहमीचा प्रश्न. ॲप यायच्या आधी कॉलेजात असताना केलेली पुणे-महाबळेश्वर धरायची का? तारीख आणि मार्ग नक्की आठवत असेल तर नकाशावर अंतर मोजून यादीत घालता येतं. एडिंग्टन यांच्याकडेही जीपीएस नव्हताच. आणि ॲपवरची नोंद वर्षातून एकदा उतरवून आपल्या कॉम्प्युटरवर ठेवावी, कारण अकाउंट बंद पडलं तर दहा वर्षांचे रविवार त्यासोबत जातात.