शेवटच्या दिवसाआधीचे दिवस

शार्लट पर्किन्स गिल्मन या अमेरिकन लेखिकेची ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा जानेवारी १८९२ मध्ये प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर खिन्न झालेल्या स्त्रीला तिचा डॉक्टर पती विश्रांतीसाठी माडीवरच्या खोलीत ठेवतो व लिहिण्यास मज्जाव करतो. भिंतीवरचा पिवळा कागद तिला प्रथम केवळ कुरूप वाटतो. मग त्या नक्षीत गज दिसू लागतात, गजांमागे एक स्त्री दिसते, आणि अखेरीस ती स्त्री आपणच असे तिला वाटू लागते. पती दुष्ट नाही, हेच आमच्या मते कथेचे मर्म. तो प्रेमळ आहे. पण ‘तुला काही झालेले नाही’ यापलीकडे त्याचे प्रेम जात नाही. खुद्द लेखिकेला १८८७ मध्ये डॉ. सायलस विअर मिचेल यांनी असाच विश्रांतीचा उपचार दिला होता. तो झुगारून पुन्हा कामाला लागली तेव्हा कुठे ती सावरली.

यवतमाळ जिल्ह्याचा गेल्या चार दशकांचा इतिहास वाचताना ही कथा आम्हांस वारंवार आठवते. १९ मार्च १९८६ रोजी चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी व चार मुलांसह जीवनयात्रा संपविली. कापसाचा भाव, कर्ज, पाणी यांची चर्चा तेव्हापासून चालू आहे, आणि ती व्हायलाच हवी. कर्जाचे ओझे समुपदेशनाने उतरत नाही. परंतु वर्तमानपत्राला शेवटचा दिवस तेवढा कळतो. अशा कितीतरी घरांत त्याआधीची उडालेली झोप, तुटलेले बोलणे, पारावर जाणे सोडलेला माणूस, हे सारे घरच्यांच्या डोळ्यांदेखत घडत असते. आणि घर प्रेमानेच म्हणत राहते, ‘होईल सारे ठीक.’

२०१५ मध्ये शासनाने ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला आणि आशा कार्यकर्त्या घरोघरी विचारपूस करू लागल्या. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात गोव्याच्या ‘संगत’ संस्थेने ३० गावांत ‘विश्राम’ हा उपक्रम राबविला. नाव विश्राम, रीत मात्र मिचेलसाहेबांच्या अगदी उलट: माणसाला बोलते करण्याची! नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण तेथे अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. २०२२ पासून ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांकही उपलब्ध आहे.

ख्रिस्तसभेची दृष्टीही बदलत आली. १९१७ च्या धर्मसंहितेने हेतुपुरस्सर जीव देणाऱ्यास ख्रिस्ती दफन नाकारले होते; १९८३ च्या संहितेने ते कलम गाळले. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाने गंभीर मानसिक व्याधी माणसाची जबाबदारी उणी करते असे सांगितले, आणि अशा मृतांसाठी ख्रिस्तसभा प्रार्थना करते असेही. तरीही मयतासाठी मिस्सा सांगायला आलेली आप्तमंडळी मृत्यूचे कारण सांगताना अजून अडखळतात. दफनासाठी ते कारण आड येत नाही, हे त्यांच्यापर्यंत अद्याप पोहोचलेलेच नसते.