सुखाची एक व्याख्या: रयपासून हेरातपर्यंत

सुख म्हणजे दुःख ओसरत असतानाचा अनुभव, बाकी काही नाही, ही व्याख्या एखाद्या वैद्यालाच सुचावी. अबू बक्र अल-राझी (मृत्यू 925) इराणमधल्या रय आणि बगदादच्या रुग्णालयांचा प्रमुख होता. रयच्या मन्सूर नावाच्या सुभेदारासाठी त्यानं शरीराच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला आणि जोडीला मनाच्या रोगांवर दुसरा, ‘अल-तिब्ब अल-रूहानी’. त्यात तो म्हणतो: सावलीत निवांत बसलेला माणूस उठून वाळवंटातल्या उन्हात गेला, पोळला आणि जागेवर परतला, की तीच सावली त्याला सुखाची वाटते. पण अंग पूर्ववत झालं की सुख संपलं. सावली तिथंच असते.

कल्पनेचं मूळ प्लेटोच्या ‘तिमायस’मध्ये. ग्रीक वैद्य गॅलेननं त्या संवादाचा सारांश केला होता आणि नवव्या शतकात बगदादच्या हुनैन इब्न इसहाकच्या मंडळींनी तो अरबीत आणला. गॅलेनची ग्रीक संहिता पुढे हरवली, अरबी उरली.

राझीनं हा विचार रोजच्या जेवणात उतरवला. बगदादमध्ये त्याच्यासोबत एकजण अधाशासारखा खजूर खात होता. पोट गच्च भरल्यावर थांबला, पण नजर उरलेल्या खजुरांवरच. मन भरलं का, असं राझीनं विचारलं. तो म्हणाला, मी पुन्हा पहिल्यासारखा भुकेला व्हावं आणि हे ताट आत्ताच समोर यावं! राझीचं म्हणणं, हाव अजून छळतेच आहे, तर पोटाला तडस लागण्याआधीच हात आखडता घेतला असता तर अपचन तरी टळलं असतं. खास वैद्याचा टोमणा.

सुखावर त्यानं स्वतंत्र प्रबंधही लिहिला होता. तो आज नाही. चार्वाकांचं म्हणणं जसं विरोधकांच्या पूर्वपक्षातून कळतं, तसा हा प्रबंध फारसी कवी-विचारवंत नासिर खुस्रोच्या 1061च्या फारसी ग्रंथात खंडनासाठी उद्धृत होऊन वाचला. नासिरचा आक्षेप बिनतोड वाटतो: सुंदर चेहरा अचानक दिसला तर आनंद होतो, त्याआधी कोणतं दुःख होतं? कुरूप सोबतीला माणूस विटलेला असतो, हे राझीनं आधीच देऊन ठेवलेलं उत्तर ओढूनताणून आणलेलं आहे.

इब्न सीनानं (980–1037), तोही वैद्यच, व्याख्या बदलली. आपल्याला जे अनुकूल आहे त्याची जाणीव होणं म्हणजे सुख. म्हणूनच तोंड कडू झालेल्या रोग्याला गोड नकोसं होतं, आणि बुद्धिबळात डाव जिंकत आलेला माणूस समोर आलेलं जेवण नाकारतो. बुद्धीची सुखं जिभेच्या सुखांहून मोठी ठरवायला त्याला ही वाट सोयीची होती. धर्मचिंतक गझालीही पुढे ज्ञानाच्या आनंदाबद्दल असंच बोलला.

मग आला दुसरा राझी, फख्रुद्दीन. तोही रयचाच. यानं इब्न सीनावर भाष्य लिहिलं, त्याच्या मतांची चिरफाड केली, राजाश्रयही भोगला. 1210 मध्ये तो हेरातला वारला. त्याआधी दोनच वर्षं, उतारवयात, त्यानं ऐहिक सुखांच्या निंदेचा एक छोटा प्रबंध लिहिला. त्यात खाण्यापिण्याचं सुख म्हणजे केवळ दुःखाचं निवारण, असं तो ठासून सांगतो. तीनशे वर्षांपूर्वीचा वैद्य हेच म्हणत होता. फरक इतकाच, की वैद्याला त्यातून मिताहार सुचला होता, आणि फख्रुद्दीनच्या प्रबंधात निराशा काठोकाठ भरली आहे.